भाजीच्या खोलीत बाबा

आमच्या घरातली सगळ्यांत थंड जागा माणसांसाठी नव्हती, भाजीसाठी होती. घराच्या मागच्या अंगाला, विहिरीकडं तोंड करून एक मातीच्या भिंतींची खोली होती. संध्याकाळी वाफ्यांतून निघालेली मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, जुड्या बांधून तिथं रचायची आणि पहाटे वाशीमच्या बाजाराला जाणारा टेंपो येईपर्यंत ती तिथं राहायची. खोलीत आडव्या दोऱ्या बांधल्या होत्या. दोऱ्यांवर पोत्यांचा बारदाना पडद्यासारखा सोडलेला असायचा आणि त्यावर दिवसातून दोन-तीनदा पाणी मारावं लागायचं. हे काम माझ्याकडं होतं. पश्चिमेच्या भिंतीत वर एक झरोका होता. वैशाखातला तापलेला वारा त्यातून आत यायचा, ओल्या बारदान्यातून गाळून जायचा आणि दाराखालच्या फटीतून बाहेर पडेपर्यंत पायाला गार लागायचा. त्या फटीपाशी पाय सोडून मी पुस्तकं वाचली. ओल्या तागाचा वास, मेथीचा कडवट वास आणि सांबाराचा तो डोक्यात भिनणारा वास, हे तिन्ही एकत्र आले की मला अजून एखाद्या पुस्तकाचं पान उघडल्यासारखं वाटतं. आता मात्र ते एकत्र येत नाहीत. मी भाजी गाडीवरून घेते, फ्रिजमध्ये ठेवते.

माय या चैत्रात गेली. तेव्हापासून मी थोडं थोडं लिहिते आहे. एखादं पान झालं की हात थांबतो, मग दोन दिवस वही उघडत नाही. ती गेल्यावर भेटायला आलेली माणसं तिच्या कष्टांबद्दल बोलली, तिच्या हातच्या ठेच्याबद्दल बोलली, आणि मी मान डोलावत राहिले. त्यांना माहीत नसलेली एक दुपार मला सांगायची होती, पण बैठकीत ते जमलं नाही. इतक्या माणसांत मला कधीच बोलता आलेलं नाही.

पुढं मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. त्या खोलीतला गारवा कुठून यायचा हे दरवर्षी एकदा फळ्यावर मांडायची वेळ यायची. ओल्या पृष्ठभागालगत बाष्पाचा एक दाब असतो आणि आसपासच्या हवेतल्या बाष्पाचा दुसरा. पहिला जास्त आणि दुसरा कमी असेल तोवर पाणी उडत राहतं, आणि उडताना ज्यावरून उडतं त्याची उष्णता घेऊन जातं. पाणी जितकं तापलेलं तितका पहिला दाब वाढतो. आमच्याकडचा वैशाख तर नुसता तापलेलाच नाही, कोरडाही असतो. म्हणून सकाळी भिजवलेला बारदाना दुपारच्या आत कडक व्हायचा. हवेत बाष्प साचत गेलं आणि दोन्ही दाब सारखे झाले, की उडणं संपलं. पाणी आहे तिथंच राहतं, आणि उष्णताही आहे तिथंच राहते. फळ्यावर हे थोडक्यात मावतं. मुलं उतरून घेत, मी खडू ठेवून पुढच्या मुद्द्याकडं वळत असे. उदाहरण म्हणून मी नेहमी माठाचं देत असे. खोलीचं कधी दिलं नाही.

बाबांना मी खोलीत बसलेली आवडायची नाही. वाफ्यातून आले की दारात उभे राहून म्हणायचे, "निघ वं भायेर. तुह्या अंगाची ऊब लागते भाजीले."

"मी काय येवढी गरम हाय का, बाबा?"

"तू नाई, तुह्यं ते पुस्तक. वाचून वाचून डोस्कं तापते तुह्यं."

असं म्हणत स्वतः मात्र चिलीम भरायला तिथंच उंबऱ्यावर टेकायचे. बाबा बोलके होते. बाजारातल्या गमती, कोणत्या अडत्यानं जुडी कशी नाकाला लावून हुंगली, कोणत्या बाईनं भाव पाडता पाडता मेथीची पानंच खाऊन टाकली, हे सगळं ते मायला सांगायचे. माय भाकर थापता थापता ऐकायची. ती बाजाराला कधी गेली नव्हती. तिचं राज्य वाफ्यापासून खोलीपर्यंत, पण त्या राज्यात तिच्यापुढं कुणाचं चालायचं नाही. ओल्या जुड्या वाऱ्याविना एकमेकींवर दाबून राहिल्या, की त्या आतून तापतात. वरून हिरव्यागार दिसतात आणि हात घातला तर गरम लागतात, मग सकाळपर्यंत काळ्या पडतात. याला आमच्याकडं भाजी उबणं म्हणतात. माय भाजीकडं बघायची नाही. ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायची, क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "हे सैल करा," किंवा, "राहू द्या."

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे खोलीवरचं गवताचं छप्पर काढून भगवानकाकांनी टिनं टाकली होती. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते आमच्यातच राहायचे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गवत शाकारायचा त्यांना कंटाळा आला होता. टिनांवर उभं राहून त्यांनी आम्हाला खाली बोलावलं होतं आणि टाच आपटून आवाज ऐकवला होता. दुसरी गोष्ट म्हणजे वाशीमच्या एका लग्नघरानं मेथी आणि सांबाराची मोठी मागणी दिली होती. उन्हाळ्यात पालेभाजी टिकवणारे थोडे, त्यामुळं बाबांना त्या मागणीचा अभिमान वाटत होता. आंब्याच्या सावलीतले सगळे वाफे त्यांनी त्या लग्नासाठी राखले होते. पण शेतीच्या लाइनला वीज यायची भर दुपारी. मोटारीचा आवाज सुरू झाला, की जेवण ताटात टाकून उठावं लागायचं.

त्या दिवशीही तसंच झालं. ज्वारीची भाकर, चिवळीची भाजी आणि कांदा असं ताट समोर होतं. बाबांनी दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात विहिरीवर मोटार गुरगुरली. मायनं ताटावर टोपलं पालथं घातलं. निम्मी मेथी सकाळीच काढून खोलीत रचलेली होती. उरलेल्या वाफ्यांना शेवटचं पाणी द्यायचं होतं. सावलीतले वाफे झाल्यावर बाबा पलीकडच्या उघड्या पट्ट्यात गेले. तिथं ते किती वेळ होते ते कुणी पाहिलं नाही. वीज गेली, मोटार थांबली, तरी ते आले नाहीत. मग माय अंगणात आली आणि तिला ते बांधावरून येताना दिसले. सरळ चालत नव्हते. विहिरीपाशी येऊन ते उभे राहिले आणि मायला म्हणाले, "ढवळ्याले पानी पाजलं का?" ढवळा आमचा बैल, तो विकूनही बराच काळ लोटला होता. माय म्हणाली, "अवो, काय बोलून राह्यले?" ते हसले आणि खाली बसले. बसले ते पुन्हा उठले नाहीत.

काकांनी त्यांना खांद्याखाली धरलं, मायनं पाय धरले. कुठं न्यायचं यावर चर्चा झालीच नाही. घरात थंड जागा एकच होती. मेथीच्या राशी एका बाजूला सारून बाज आत टाकली आणि बाबांना तिच्यावर निजवलं. त्यांचं अंग कोरडं आणि तापलेलं होतं. शेजारच्या मळ्यातल्या चंद्रभागाबाई ओरडा ऐकून धावत आल्या. त्यांचा नवरा महादू सायकलवर टांग टाकून फाट्याकडं निघाला, तिथं जीप मिळाली तर आणायला. लग्नाचे दिवस होते. साऱ्या जीपा वऱ्हाडात गुंतलेल्या. मायनं कांदा ठेचून बाबांच्या तळपायांना चोळला, मी कैरीचं पन्हं करून आणलं. त्यातले काही घोट पोटात गेले. ओलं धोतर करून त्यांच्या अंगावर टाकलं.

चंद्रभागाबाई वयानं मोठ्या होत्या आणि लू लागलेली, म्हणजे उन्हाच्या झळांनी पडलेली माणसं त्यांनी पाहिलेली होती. त्या म्हणाल्या, "पयले तो झरोका बुजवा. झळ येऊन राह्यली तिथून. लू लागलेल्या मानसाले हवा लागू देऊ नाई." हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. वाऱ्यानंच तर माणूस पडला होता. काकांनी झरोक्यात पोतं कोंबलं. दार लावलं, दाराखालच्या फटीतही ओलं पोतं सारलं. मी सगळा बारदाना चिंब केला. मग आम्ही चौघं त्या अंधारात बाजेभोवती बसलो. खरं सांगायचं तर तेव्हा फार बरं वाटलं. बाहेरच्या त्या पांढऱ्या उजेडातून आत आल्यावर तो गारवा अंगावर कुणी शेला टाकावा तसा होता. मायनं विचारलं, "बरं वाटते का?" बाबा म्हणाले, "हूं." काकांनी सुस्कारा सोडला.

यात कुणाची चूक होती असं मला आज वाटत नाही. आमचं सगळं घर त्या खोलीवर उभं होतं. बाहेर वाळून जाणारी कोवळी मेथी जिथं रात्रभर टवटवीत राहायची, तिथं बाबा का नाही राहणार, असा आमचा सरळ हिशोब होता. मेथी टवटवीत राहते कारण तिच्यातलं पाणी बाहेर जात नाही, आणि माणूस जगतो तो त्याच्यातलं पाणी बाहेर जातं म्हणून. एवढा फरक त्या दुपारी आमच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

वेळ गेला. वरची टिनं कडकड वाजायला लागली. तापली की ती वाजायची. मी सवयीनं तांब्या घेऊन बारदान्यावर पाणी मारायला उठले. पण बारदाना वाळलाच नव्हता. हात लावला तर तो सकाळसारखा जड, थबथबलेला.

"राहू दे, सुमे," काका म्हणाले. "ओलाच हाय अजून. थंडावा धरून राह्यला."

"चांगलं हाय बाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तेवढंच पानी वाचलं."

मी परत बसले. माठातून भरून आणलेल्या तांब्याच्या अंगावर बाहेरून पाण्याचे थेंब जमले होते. भर वैशाखात मी तसं कधी पाहिलं नव्हतं. काकांचा सदरा पाठीला चिकटला होता. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि पुसला तरी पुन्हा तिथंच येत होता. खोली गार राहिली नव्हती. गारवा कधी गेला हे मात्र कुणालाच कळलं नव्हतं, कारण तो हळूहळू गेला होता आणि आम्ही सगळे बाबांकडं बघत होतो. बाबांचं आधी कोरडं असलेलं अंग आता पाण्यानं निथळत होतं. त्यांचा श्वास भरभर चालला होता. मायनं पुन्हा विचारलं, "बरं वाटते का?" या वेळी "हूं" आलं नाही.

"झोप लागली," काका म्हणाले.

माय बाजेवर वाकली. तिनं पुन्हा हाक मारली, मग खांदा हलवला. बाबांचे डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत ओळख नव्हती.

मी म्हटलं, "माय, दुपारपासून एक बी पोतं वाळलं नाई."

यापुढं काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. मला फक्त ते विचित्र वाटत होतं. रोजचं माझं काम होतं ते, आणि त्या दिवशी ते काम उरलंच नव्हतं. मायनं माझ्याकडं पाहिलं, मग दोरीवरच्या बारदान्याकडं. मग तिनं जे केलं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बाबांच्या अंगावरच्या ओल्या धोतराखाली तिनं हात घातला, काखेपर्यंत नेला आणि तसाच ठेवला. ढिगात हात खुपसल्यावर थांबायची तशी थांबली. डोळे मिटलेले.

"हे उबून राह्यले," ती म्हणाली.

"काय?" काका म्हणाले.

"उबून राह्यले. अंदरून. भायेर काढा ह्यायले."

"वयनी, भायेर आग चालून राह्यली. त्या उन्हानंच पाडलं दादाले, अन् तुमी पुन्हा उन्हात नेता?"

"उन्हात नाई. लिंबाखाली. हवेत."

"अवं, लू लागलेल्या मानसाले हवेत काढते का कोनी?" चंद्रभागाबाईंचा आवाज चढला. "काही कमीजास्त झालं तं लोकं काय म्हनतीन? म्हनतीन का बायकोनंच..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. पण ते सगळ्यांना ऐकू आलं.

मायनंही ऐकलं. तिचा हात अजून धोतराखालीच होता. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाहून पुष्कळ मोठी आहे, आणि मला कळतं की त्या क्षणी ती किती एकटी होती. खोलीत आणा असं न बोलता तिनंच ठरवलं होतं. खोलीत राहू दिलं असतं आणि बाबा गेले असते, तर कुणी तिला बोल लावला नसता. सगळे म्हणाले असते, जमलं तेवढं केलं. बाहेर काढल्यावर गेले असते, तर ती जन्मभर नवऱ्याला उन्हात नेऊन मारलेली बाई झाली असती, याच मळ्यात, याच माणसांत. तिच्यापाशी पुरावा म्हणून एक हात होता, आणि मी सांगितलेली ती ओल्या पोत्याची गोष्ट.

"भाऊजी, बाजीचा पाय धरा," ती म्हणाली.

काका हलले नाहीत. "मी नाई. काही झालं तं मी जबाबदार नाई, वयनी."

"मी हाय ना. सुमे, तू धर."

मी धरला. आम्ही दोघींनी बाज ओढली तशी ती जमिनीत रुतून मातीच्या रेघा काढत सरकली. मायनं दार लाथेनं उघडलं. काका दारात उभे होते. दाराबाहेरचा उजेड आत पडला, त्यात त्यांनी बाबांचं तोंड पाहिलं असावं. ते बाजूला झाले आणि वाकून त्यांनी पायाकडची बाजू उचलली. रडत होते. "दादा मेला तं मी तुमच्याशी बोलनार नाई," असं म्हणत त्यांनी बाज उचलून धरली.

लिंबाखाली बाज टेकवली तेव्हा वाऱ्याचा लोट तोंडावर आला, आणि मला वाटलं संपलं. भट्टीचं दार उघडावं तसा तो वारा होता. मायचा चेहरा पांढरा पडला. पण तिनं विहिरीकडं बोट केलं. मी पोहरा सोडला, बादली भरून आणली. तिनं ती सबंध बादली बाबांच्या अंगावर ओतली, आणि मग उभी राहून नुसती धोतराकडं बघत राहिली. धोतराची किनार आधी वाळली. मग छातीवरचा भाग. पाण्याचा काळपट रंग जाऊन कापड पांढरं होत चाललेलं आम्ही बघत होतो.

"वाळून राह्यलं," माय म्हणाली. तेवढ्या दोन शब्दांत केवढी हुशारी आली तिला. "आन आनखी."

मी आणत राहिले. किती बादल्या, ते मोजलं नाही. हाताला पोहऱ्याच्या दोरानं फोड आले ते दुसऱ्या दिवशी दिसले. काका सूप घेऊन वारा घालायला लागले, आधी भीत भीत, मग दोन्ही हातांनी. कापड भिजायचं, वाळायचं, पुन्हा भिजायचं. चंद्रभागाबाई जरा लांब उभ्या राहून तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होत्या. मग त्या घरी गेल्या, आणि मला वाटलं, गेल्या त्या गेल्याच. पण त्या परत आल्या, हातात त्यांचं जुनं लुगडं पाण्यात बुडवून आणलेलं.

"हे टाका. सुती हाय, पानी जास्त धरते," त्या मायला म्हणाल्या, तिच्याकडं न बघता.

ऊन कलल्यावर मायनं पुन्हा काखेत हात घातला. बराच वेळ ठेवला. पुढची बादली तिनं अंगावर ओतली नाही, नुसतं लुगडं पिळून टाकलं. बाबांचा श्वास लांब झाला होता. मग त्यांनी डोळे उघडले, लिंबाकडं पाहिलं, आणि मान वळवून समोर. समोर भाजीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. घाईत ते लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सगळी दुपार तो वारा त्या खोलीत शिरला होता. लग्नघरची मेथी राशीत माना टाकून पडली होती. दाराजवळच्या जुड्या तर चुरगळलेल्या कागदासारख्या झाल्या होत्या.

"दार कोनं उघडं ठेवलं?" बाबा म्हणाले. आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ.

काकांचं सूप हवेतच थांबलं.

"मीनं," माय म्हणाली.

"भाजी वाळली ना सारी."

"वाळू द्या."

"वाळू द्या? अन् उद्या लग्नात लोकायच्या पत्रावळीवर काय वाढतीन, तुह्यं डोस्कं?"

काका सूप टाकून हसायला लागले. "बोलला वं वयनी, बोलला!" चंद्रभागाबाईंनी कपाळाला हात लावला. आणि माय, जी त्या सबंध दुपारी रडली नव्हती, ती पदर तोंडात कोंबून ओल्या मातीत खाली बसली. बाबा गोंधळून तिच्याकडं बघत राहिले. एवढ्या तेवढ्या बोलण्यानं ही का रडते, असं त्यांना वाटलं असणार.

जीप आली ती दिवेलागणीला. महादूनं एका वऱ्हाडाची जीप अर्ध्या वाटेत रिकामी करून आणली होती. वाशीमच्या दवाखान्यात बाबांना सलाईन लागलं. वेळेत अंगातली उष्णता उतरली म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. काका ते पुढं सगळ्यांना सांगायचे आणि सांगताना दर वेळी "आमी भायेर काढलं" म्हणायचे. मायनं त्यांना कधी टोकलं नाही.

बाबा घरी आले, पण पूर्वीचे आले नाहीत. ऊन त्यांना सोसेनासं झालं. सकाळचं कोवळं ऊनही अंगावर पडलं की हात थरथरायचे, बोलताना शब्द अडायचे. डॉक्टरांनी बाजार बंद केला. काकांना भाव करता यायचा नाही. ते पहिल्याच दिवशी अडत्याशी भांडून आले. तेव्हा एका पहाटे मायनं टोपल्या स्वतः भरल्या आणि लुगड्याचा काष्टा घट्ट केला. बाबा ओट्यावर जुड्या बांधत बसले होते.

"तुले भाव करता येते का?" ते म्हणाले.

"तुमी सांगा."

"पयला भाव सांगतीन त्याले हो म्हनू नोको. जुडी हातात देऊ नोको, पयले पैसे..."

"जल्दी सांगा. टेंपो हॉर्न मारून राह्यला."

"...अन् येतानी ऊन होते. दुपारचं ऊन लय वाईट असते, आयकलं का?"

"आयकलं," म्हणत ती निघालीही होती.

त्या पहाटेपासून पुढं कितीतरी वर्षं ती गेली. माझं कॉलेज, माझी नोकरी, भावकीतली लग्नं, सगळं त्या टोपल्यांतून निघालं. बाजारातल्या गमती आता ती सांगायची आणि बाबा ऐकायचे. दुपारी परत आली, की बोलण्याआधी ती ओट्यावर थोडा वेळ भिंतीला डोकं टेकून बसायची. तो थकवा मी तेव्हा पाहिला आणि त्याला नाव दिलं नाही. आता माझ्याकडं वेळ आहे, नावंही आहेत, आणि ती नाही.

त्या पहिल्या पहाटे ती अंगणातून बाहेर पडली तेव्हा बाबांना उठवत नव्हतं. त्यांनी मला हाक मारली.

"सुमे, जाय, पाह्य बरं. डोक्यावर ओलं फडकं घेतलं का तिनं? येतानी लागन तिले."

मी फाटकापाशी धावले. टेंपोच्या मागच्या फळीवर दोन बायकांच्या मध्ये माय बसली होती. मांडीवर टोपलं, दोन्ही हातांनी धरलेलं. तिला एवढी घाई झाली होती की पदरही खांद्यावर घसरला होता, आणि डोकं उघडं होतं. टेंपो हलला. ती माझ्याकडं बघून हसली, पहिल्यांदाच शाळेला निघालेल्या मुलीसारखी, आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली.

मी परत आले. बाबा माझ्याकडंच बघत होते, हातातली जुडी अर्धी बांधलेली.

"घेतलं," मी म्हटलं.